पुढल्या तीन वर्षांचा लिफ्टर

मिलिंद, तुझी एक खोड मला आयुष्यभर खटकली. वाद रंगात यायचा, तू हरतोयस असं मला दिसायला लागायचं, आणि नेमका तेव्हाच तू स्कूटरला किक मारून म्हणायचास, "बघू की उद्या." उद्या यायचास ते भलताच विषय घेऊन. या वेळी तर तू कमालच केलीस. कँटीनच्या दारातून "बघू की उद्या" म्हणून गेलास आणि पहाटे वहिनींचा फोन आला. तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. मला रडू येतं, ते लपवत नाही. पण त्याहून जास्त राग येतो. भांडण अर्ध्यावर टाकून जायची ही काय रीत झाली?

कुणी तिसरा आपलं भांडण ऐकत बसला असता तर त्याला हसू आलं असतं. साठीला टेकलेले दोन गडी. एक मी, कॉलेजचा खेळाचा मास्तर. दुसरा तू, रेल्वेतून निवृत्त होऊन रोज संध्याकाळी होटगीहून सोलापूरला मैदानावर येणारा माझा जुना जोडीदार. आणि वाद कशावर, तर व्हॉलीबॉलच्या टीमचा लिफ्टर श्रीनिवास असावा की मल्लिनाथ. पण वाद खरं तर पुढचा होता. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होणार, मंगलला घेऊन पुण्याला मुलाकडे राहायला जाणार, हे पक्कं झालेलं. माझ्या जागेवर कायमचा माणूस घेणार नाहीत, तासिका तत्त्वावर कुणीतरी येईल आणि तास संपला की घरी जाईल, हेही जवळजवळ पक्कं. राहिलं मैदान. ते तू घेणार होतास. "तू जा निवांत, नातू खेळव. पोरं माझ्याकडं," असं तू म्हणालास आणि मी खरोखरच निवांत झालो होतो.

श्रीनिवास तुझा नावडता होता असं मी मुद्दाम म्हणायचो, तुला चिडवायला. खरं तर तो कुणाचा नावडता होणार? शेवटच्या वर्षाचा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातला, घरात तेलुगू आणि मैदानावर जवळजवळ मुका. शाळेपासून शिकून आलेला. त्याच्या बोटांवरून बॉल सुटतो तेव्हा आवाज येत नाही. मी म्हणायचो, आपल्याला असा लिफ्टर इतक्या वर्षांत मिळाला नाही. तू म्हणायचास, मिळाला होता, तो तुझ्यासमोर बसून चहा पितोय.

आणि मल्लू. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावचा, पहिल्या वर्षाचा. घरी कानडी, कॉलेजात मराठी, घाबरला की दोन्ही बंद. त्याला मैदानावर तूच घेऊन आलास. जत्रेत शूटिंगबॉल खेळताना पाहिलास म्हणे. मी तेव्हाच कपाळावर हात मारून घेतला होता. आपल्या खेळात पहिला बॉल घेतो, दुसरा, म्हणजे लिफ्टर, नेटजवळ बोटांनी उंच उचलून देतो, तिसरा मारतो. आणि त्या खेड्यातल्या शूटिंगमध्ये ज्याच्याकडे बॉल आला त्यानं दोन्ही हात जोडून तो थेट पलीकडे हाणायचा. ज्या पोरानं लहानपणापासून आलेला बॉल दुसऱ्याला म्हणून दिलेला नाही, त्याला तू लिफ्टर करायला निघाला होतास. वर मलाच विचारत होतास, "त्याची नजर बघितलीस का? बॉल वर असताना तो बॉलकडं बघत न्हाई, पलीकडच्यांकडं बघतो."

दर मोसमाच्या शेवटी आपण कँटीनच्या टेबलावर शेंगा मांडायचो, ते इतर कुठल्या कॉलेजात करत असतील असं वाटत नाही. सहा शेंगा म्हणजे सहा खेळाडू. एक ओळ यंदाची, एक पुढल्या वर्षाची, एक त्याच्या पुढची. शेवटच्या वर्षाची पोरं सोलून खाऊन टाकायची आणि नवीन शेंग ठेवायची. ज्या शेंगेवर वाद मिटत नाही ती मधे तशीच पडून राहायची आणि कँटीनवाला फडकं मारताना ती उचलायचा. या वेळी मोसम संपायच्या आधीच तू शेंगा मागवल्यास. मी लिफ्टरच्या जागी लांबट, नीट शेंग ठेवली. तू ती उचललीस, सोललीस आणि खाल्लीस. म्हणालास, "हा झाला यंदाचा. आता पुढल्या तीन वर्षांचा ठेव." मला आलेला राग तुला दिसला असणारच.

मी तुला तेव्हा सांगितलं ते परत सांगतो. मला निवृत्त व्हायच्या आधी एकदा झोनल स्पर्धा जिंकायची होती. नोकरी लागली तेव्हापासून क्रीडा विभागाच्या कपाटात कबड्डीचे कप आहेत, खो-खोचे आहेत, बुद्धिबळाचासुद्धा आहे. व्हॉलीबॉलचा नाही. श्रीनिवास असताना तो मिळेल, ही काही मोठी अपेक्षा नव्हती. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास ते वाक्य मात्र मला त्या दिवशी नीट कळलं नाही.

"शिवा, मल्लूला आत्ता खेळवणं म्हणजे त्याच्यामागं पुढली दोन वर्षं कुणीतरी उभं राहणार हे कबूल करणं हाय. कप घेऊन पळून जाणाऱ्याचं हे काम न्हाई."

मी म्हणालो, मी पळून जात नाही, निवृत्त होतोय. त्यावर तू स्कूटर काढलीस.

होटगीला तुझ्या घरी पुण्यानुमोदनाला सगळी टीम आली होती. मी त्यांना साधे कपडे घालून या म्हटलं होतं. ती कॉलेजच्या निळ्या जर्सीत आली आणि वंदना होईपर्यंत एका ओळीत बसून राहिली. मी सवयीनं मोजली. आमच्या घरी मेंढरं होती म्हणून मी पोरांनाही गाडीत चढताना मोजतो, यावरून तू मला किती छळलंस. त्या दिवशी मोजताना शेवटी तुझा नंबर आला नाही, तेव्हा मला उठून बाहेर जावं लागलं. वहिनी मागून आल्या. त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन छत दाखवलं. पलंगाच्या वरच्या भागात बॉलचे गोल मळकट डाग पडलेले. निवृत्त झाल्यापासून सकाळी पडल्या पडल्या तू बॉल छताला लागेपर्यंत उचलायचास म्हणे. वहिनी म्हणाल्या, "दिवाळीत रंग लावायचा म्हटलं तर नको म्हणाले." मग आम्ही दोघंही हसलो. तुझ्या घरात, त्या दिवशी, हसलो. तुला आवडलं असतं.

तुझ्या बोटांचं मी तुला कधी बोललो नाही. आपण कॉलेजात असताना टाळ्या मला पडायच्या, कारण मारायचो मी. पेपरात एकदा नाव आलं तेही माझं. तू उचलून द्यायचास आणि बाजूला सरकायचास. कॉलेजातल्या आपल्या शेवटच्या सामन्यात माझे तीन स्मॅश ओळीनं बाहेर गेले होते. मला वाटलं आता तू दुसऱ्याला देशील. चौथाही मलाच दिलास, आणि तो आत पडला. नंतर मी विचारलं, मलाच का दिलास, तर तू म्हणालास, दुसरा कोण उभा होता? दुसरे चार जण उभे होते, मिलिंद. मला तेव्हाही दिसत होते. तुझ्यामुळे मी खेळाडू झालो आणि खेळाडू म्हणून मला ही नोकरी लागली. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू माझी टिंगल केली असतीस, म्हणून सांगितलं नाही. आता टिंगल करणारा नाही, म्हणून सांगतो.

तर झोनल. ती करकंबला होती. तू गेल्यावर माझ्यापुरता प्रश्न सुटलेला होता. मल्लूमागं उभं राहणारा माणूसच राहिला नाही, मी जूनमध्ये पुण्यात असणार, मग त्याला खेळवून करायचं काय? श्रीनिवास खेळेल, कप येईल, कपाटात जाईल, कपाटाची किल्ली मी ऑफिसात देईन. पोरांना मी टीम सांगितली. मल्लूनं फक्त मान हलवली. "हौदु सर," म्हणाला. हो म्हणायलाही त्याला त्या दिवशी मराठी सुचलं नाही.

सेमीफायनलपर्यंत आपण आरामात गेलो. करकंबचं मैदान मातीचं, चांगलं दाबलेलं. बाजार उरकून आलेली माणसं चारी बाजूंनी दाटीनं उभी. समोरची टीम पंढरपूरकडची, उंच पोरं, तू असतास तर त्यांच्या सर्व्हिसला नावं ठेवली असतीस. पहिला सेट आपण घेतला, दुसरा त्यांनी. तिसऱ्यात आपण मागं पडलो. श्रीनिवास काही वाईट खेळत नव्हता. पण त्यांनी त्याला ओळखलं होतं. तो कुणाला देणार हे त्यांना त्याच्या आधी कळायला लागलं होतं.

बाजू बदलताना माझं लक्ष बाकाकडे गेलं. मल्लू बसला होता आणि त्याचे दोन्ही हात कपाळाच्या वर होते, दहा बोटं उघडी. आधी मला वाटलं देवाला हात जोडतोय. मग कळलं, मगाशी श्रीनिवासनं उचललेला बॉल तो परत उचलून बघत होता. हवेत. बोटं जिथं हवी तिथं होती, मिलिंद. मनगटं सैल होती. शूटिंगवाल्या पोराचे हात असे कसे झाले मला कळेना. तेवढ्यात पंचानं शिट्टी दिली आणि मी काय केलं ते मला गाडीत बसेपर्यंत नीट समजलं नाही. मी श्रीनिवासला बाहेर बोलावलं आणि मल्लूला आत पाठवलं.

श्रीनिवास माझ्याकडे पाठ करून बसला. बरोबरच होतं. हरलो तर तो त्याचा कॉलेजातला शेवटचा सामना होता.

पहिल्याच बॉलला मल्लूनं तुला आणि मला दोघांनाही खरं ठरवलं. बॉल त्याच्या डोक्यावर आला, आपला मारणारा इम्रान उडी घेऊन हवेत, आणि याने दोन्ही हात जोडून बॉल थेट पलीकडे हाणला. शुद्ध जत्रेतला शूटिंग. समोरच्यांना अपेक्षाच नव्हती, बॉल मधोमध पडला. पॉइंट मिळाला. करकंबची माणसं त्या खेळातली दर्दी, त्यांनी शिट्ट्या मारल्या. इम्रान मात्र हवेतून खाली आला तो कंबरेवर हात ठेवूनच. आणि माझ्यामागून श्रीनिवासचा आवाज आला. हा पोरगा तीन वर्षांत मैदानावर इतक्या मोठ्यानं बोलला नव्हता.

"दे की त्याला. मल्लू, दे."

त्यानंतर मल्लूनं दिले. इम्रानला दिला, मागं दिला, एकदा ब्लॉकवाले डावीकडे सरकलेले बघून उजवीकडे दिला. तू म्हणायचास तसं, तो पलीकडे बघत होता. बॉल आपोआप येणार हे त्याला माहीत असल्यासारखा. मागं पडलेलो आपण बरोबरीला आलो. मी किती खेळ पाहिला असेल आयुष्यात, पण त्या थोड्या वेळात मला समोरचा सामना दिसतच नव्हता. मला पुढल्या वर्षाची टीम दिसत होती. सहातली पाच पोरं राहणार आहेत. इम्रान अजून उंच होईल, मागची दोघं सर्व्हिस घ्यायला शिकतील, आणि मधे हा. त्याच्या पुढल्या वर्षी तर त्यांना झोनलमध्ये कुणी हात लावणार नाही. मी हे सगळं तुला सांगायला उजवीकडे वळलो. खुर्ची रिकामी होती. पोरांनीच ठेवली होती ती, कुणी तिच्यावर बसत नव्हतं.

शेवटच्या बॉलला मल्लू घाबरला. बॉल चांगला आला होता, उंच, निवांत. याचे हात वर गेले, बोटं उघडली, आणि ऐनवेळी मिटली. दोन्ही हात जोडून त्यानं तो पलीकडे हाणला. या वेळी ते तयार होते. त्यांनी तो घेतला, उचलला, मारला, आणि आपला मोसम संपला. मल्लू गुडघ्यावर बसला. श्रीनिवास बाकावरून उठून आत गेला आणि त्याला काखेत हात घालून उभं केलं. मी जागचा हललो नाही. मी हरलो होतो, कप गेला होता, आणि मला बरं वाटत होतं. याची मला स्वतःलाच लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

परतताना मोहोळजवळ चहाला क्रूझर थांबवली. श्रीनिवास माझ्या बाकावर येऊन बसला. बशीतला चहा फुंकला. मग म्हणाला की मल्लूच्या बोटांचं मी मनाला लावून घेऊ नये, ती तयार आहेत, हात जोडायची सवय राहिली आहे तेवढी वर्षभरात जाईल. मी विचारलं, तुला काय माहीत. तर म्हणाला, "मीच शिकवतोय की, सर. मिलिंद सर दर रविवारी आम्हा दोघांना होटगीला बोलवायचे. मला म्हणायचे, तू चाललास, जाताना तुझी बोटं ठेवून जा."

म्हणजे इकडे कँटीनमध्ये माझ्याशी भांडत होतास आणि तिकडे होटगीत रेल्वेच्या मैदानावर माझ्याच लिफ्टरकडून तुझा लिफ्टर घडवून घेत होतास. मी तुला काय म्हणावं? माझ्या तोंडावर आलेली शिवी मी पोरांसमोर गिळली. पण खरं सांगतो, इतका आनंद मला कप मिळून झाला नसता. तू कुणाला वगळलंच नव्हतंस. श्रीनिवासलाही पुढल्या तीन वर्षांत जागा दिली होतीस.

मी त्याला विचारलं, मग मगाशी पाठ करून का बसलास? म्हणाला, राग आला होता. अजून आहे. चहा संपवून तो उठला, आणि त्याच्या जागी मल्लू येऊन उभा राहिला. बसला नाही. डोळे सुजलेले.

"सर, पुढल्या वर्षी आमाला कोण शिकवणार? मिलिंद सर गेले. श्रीनूदादा बी चालला. तुमी पुण्याला जाणार म्हणं."

मिलिंद, माझ्याकडे उत्तर तयार होतं. नवीन सर येतील, ते बघतील, तू सराव सोडू नको. हे वाक्य मी कित्येक पोरांना कित्येकदा बोललेलो आहे. तोंड उघडलं तेव्हा ते आलंच नाही. मंगळवेढ्याकडची माझी लहानपणची बोली, जी मास्तर झाल्यापासून मी कॉलेजात वापरली नाही, ती आली.

"मी हाय की," मी म्हणालो. "कुटं जातोय?"

त्यानं मान हलवली आणि चहा घ्यायला गेला. त्याला एवढंच पाहिजे होतं. क्रूझर सुरू झाली तेव्हा मी मागं बसून विचार करत होतो की आपण हे काय बोलून बसलो. मंगलला विचारलेलं नाही, मुलाला सांगितलेलं नाही, पुण्याच्या घरात आमची खोली रंगवून तयार आहे.

मंगलला मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, बरीच प्रस्तावना करून. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. म्हणाली, मला तिथं तिसऱ्या मजल्यावर करमणारच नव्हतं, पण तुमच्या उत्साहावर पाणी कशाला ओता म्हणून गप्प होते. मुलाला फोन तिनंच केला. तो म्हणाला, नातू सुट्टीत तिकडे येईल, त्याला व्हॉलीबॉल शिकवा. म्हणजे माझ्या पुण्याला जाण्याचा उत्साह फक्त मलाच होता, आणि तोही किती होता हे आता मला नीट आठवत नाही.

तेव्हा घरी सांगून झालं, मुलाला कळलं, प्राचार्यांच्या कानावर घातलं. निवृत्त झालो तरी संध्याकाळी मैदानावर येईन म्हटल्यावर ते इतके खूश झाले की मला संशय आला. काल वहिनींना सांगायला होटगीला जाऊन आलो. येताना रेल्वेच्या मैदानावर थांबलो. रविवार होता. श्रीनिवास आणि मल्लू तिथं होते. कुणी बोलावलेलं नव्हतं. मल्लू उचलत होता आणि श्रीनिवास दर बॉलला शिव्या घालत होता, तेलुगूत. मी कडेला उभा राहून थोडा वेळ बघितलं. मग चपला काढल्या आणि आत गेलो.

ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तो तेवढा राहिला. भांडण तू जिंकलास. आणि तू माझ्याकडून मैदान घेणार होतास, ते उलट झालं. हे मला कबूल नाही, तू असायला हवा होतास, मी ते कधीच कबूल करणार नाही. पण संध्याकाळी पाच वाजता मी मैदानावर असेन, जूनमध्ये आणि जूनच्या पुढेही. मिलिंद, मी पुण्याला जात नाही.